त्रेचाळीस भांड्यांचं जहाज

समुद्र माणसाला नम्र करतो. हे वाक्य माझं आहे. बी.ए.च्या वर्षी पुण्याला असताना एका निबंधाच्या शेवटी मी ते लिहिलं, प्राध्यापकांनी त्याखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ ओढली आणि निबंधाला रुपेरी पदक मिळालं. तोपर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यानंतरही पाहिलेला नाही. मी नगरचा. आमच्याकडे पाणी पाहायचं तर आडात वाकून पाहावं लागतं, आणि माणूस नम्र होतो तो तेवढ्यापुरता. सरळ झाला की पुन्हा होता तसा.

त्या दिवशी सकाळी मी न्हाणीत पाटावर बसलो, सवयीनं उजवा हात लांब करून तांब्या बुडवला, आणि तो पत्र्यावर आपटला. आवाज काही मोठा नव्हता. चुलीवर जिथं एकोणीस वर्षं हंड्याचं गोल तोंड होतं तिथं आता पाणी तापवायला ठेवलेला रॉकेलचा डबा होता, चौकोनी, चार बोटं डावीकडे. हंडा जाऊन सव्वा महिना झाला होता. डोक्याला ते ठाऊक होतं. हाताला कोणी कळवलं नव्हतं. मी उघडा, ओला, तांब्या धरलेला तसाच बसून राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की बाहेर जात्यापाशी ज्वारी निवडत बसलेल्या मनकर्णेचा हातही थांबला आहे. सुपातले दाणे वाजत नव्हते. मग पुन्हा वाजू लागले. बायको बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर देण्यात मी तयार आहे. तो माझा धंदाच आहे.

अंग पुसून बाहेर आलो तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "आज जानार न्हवं रावसाहेबांकडं?"

"जाणार."

"मग इचारा."

"काय विचारू?"

"हंड्याचं. आनखी काय हाय आपलं तितं?"

आणखी होतं. हेडमास्तरची जागा होती. आमचे जुने हेडमास्तर डिसेंबरात निवृत्त झाले होते, शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब निंबळकर होते, आणि मी इतिहास शिकवणारा, चव्वेचाळीस वर्षांचा, रुपेरी पदकवाला. हे मनकर्णेला ठाऊक होतं. पण ती ज्या गोष्टी महत्त्वाच्या मानत नाही त्यांचा उल्लेख करत नाही, आणि या सवयीमुळे तिच्याशी वाद घालणं मला कधी जमलेलं नाही. मी कोट घातला, टोपी घातली आणि निघालो. फेब्रुवारी होता, सन त्रेचाळीस. रस्त्यानं लष्कराच्या गाड्या धूळ उडवत चालल्या होत्या. किल्ल्यात कोण कैदेत बसलंय हे अख्ख्या गावाला माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. त्याऐवजी सगळे ज्वारीच्या भावाबद्दल बोलत, आणि गेले अकरा दिवस जहाजाबद्दल.

हंड्याची हकिगत अशी. मनकर्णेचे वडील गहिनीनाथआबा मिरजगावहून बैलगाडीनं नगरला आले, तांबटाच्या दुकानासमोर तीन दिवस मुक्काम ठोकून बसले आणि प्रत्येक घाव डोळ्यांदेखत घालून घेऊन त्यांनी मुलीच्या लग्नातला हंडा करवला. मग टोचणीनं ठिपके ठोकून त्यावर नाव घातलं: ‘चि. सौ. कां. मनकर्णा हिस, गहिनीनाथ बाबाजी, मिरजगाव’. पुढच्याच वर्षी आबा वारले. फोटो त्यांनी कधी काढला नव्हता, जमीन भावकीत गेली, सातबारावर दुसऱ्यांची नावं चढली. जगात हा माणूस लिहिलेला उरला तो एका हंड्यावर. मनकर्णा आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. मी तेव्हा सुधारक होतो. पहिली दोन वर्षं बरेच जण असतात. पाटी आणायची राहून गेली म्हणून मी तिचं बोट धरून हंड्याच्या ठिपक्यांवरून फिरवलं. म, न, क. तिला पहिलं स्वतःचं नाव वाचता आलं आणि दुसरं वडिलांचं. त्यावर ती पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून बोट फिरवू लागली, तेव्हा मला वाटलं तिला काही कळलं नसावं. आज ती वर्तमानपत्र वाचते, अजून बोट ठेवून. इतक्या वर्षांत मी तिला एवढं एकच काहीतरी दिलं होतं, आणि ज्यावरून दिलं ते मी उचलून समितीला दिलं.

समितीचं नाव युद्धनौका सप्ताह समिती. अध्यक्ष रावसाहेब. पहिल्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही हे खरं. पण म्हणूनच आपली निष्ठा निर्मळ आहे, तिच्यात स्वार्थ नाही." कोणी हसलं नाही. मी तर मान हलवली. ठराव असा झाला, की तांब्याची दहा फूट लांब युद्धनौका करायची, भिंगारच्या वाटेवर बागेत जो निजामशाहीतला जुना हौद आहे तो भरायचा, आणि कॅम्पातल्या ब्रिगेडियरसाहेबांच्या मेमसाहेबांच्या हस्ते नौका पाण्यात सोडायची. त्यानं लोकांत समुद्राविषयी प्रेम उत्पन्न होईल आणि युद्धफंडाला जोर येईल. तांबं बाजारात नव्हतं. ते घराघरांतून भांड्यांच्या रूपानं घ्यायचं. "नकाशा कोण देणार?" असं विचारून रावसाहेब माझ्याकडे पाहू लागले. "मास्तर, जहाजांतले जाणकार तुम्हीच." गावात मी जाणकार आहे तो असा, की माझ्यापाशी निबंधाच्या वेळी पुण्याहून आणलेलं आणि परत करायचं राहून गेलेलं एक इंग्रजी पुस्तक आहे, आणि त्यात घडी घातलेला एकच नकाशा आहे. एकाच जहाजाचा. त्या जहाजाचं नाव मॅजिस्टेरियल.

मॅजिस्टेरियलविषयी मी बैठकीत पाऊण तास बोललो. काय बोललो ते सगळं खरं होतं. गेल्या शतकात, राणीच्या अमदानीत, ही नौका बांधायला सहा वर्षं लागली. तिच्यावर चार तोफा होत्या. एकेकीचं तोंड इतकं मोठं, की आत खलाशी बसून पत्ते खेळत. अकरा वर्षांत तिनं एकाही शत्रूच्या जहाजावर गोळा टाकला नाही, कारण शत्रू मिळाला नाही. सलामीचे बार मात्र हजारोंनी काढले. एकदा कुठल्याशा किनाऱ्यावरच्या सुलतानानं दुसऱ्याच कुणाचा झेंडा लावला म्हणून तिनं दिवसभर मारा केला. त्यात तीन उंट आणि खजुराची अर्धी बाग पडली. सुलतान त्या दिवशी गावी नव्हता. तिचं पितळ रोज घासलं जाई. प्रत्येक नवा ॲडमिरल आला की तिच्यावर काहीतरी चढवी: एकानं पोलादी बुरूज चढवला, दुसऱ्यानं उंच मनोरा, तिसऱ्याला समुद्र पाहत जेवायची हौस म्हणून त्याच्यासाठी काचेची खोली. बांधणाऱ्या इंजिनिअरनं एकदा पत्र लिहिलं, की नौका आता वरून जड झाली आहे. पत्रावर शेरा पडला, नोंद घेतली. हे शेवटचं मी बैठकीत सांगितलं नाही. आणि बारावं वर्षही नाही. बाराव्या वर्षी, लख्ख दुपारी, तळ्यासारख्या शांत समुद्रात, बँड वाजत असताना, शेजारून जाणाऱ्या निशाणाच्या, म्हणजे ॲडमिरलच्या, नौकेला सलामी द्यायला चारशे बारा माणसांना एका अंगाला रांगेत उभं केलं. नौका त्या अंगाला कलली आणि कलतच राहिली. एकही माणूस जागचा हलला नाही, कारण हलण्याचा हुकूम कोणी दिला नाही. चौकशी झाली, निष्कर्ष निघाला, की कोणाचाही दोष नाही आणि शिस्त अत्युत्तम. चोवीस वर्षांचा असताना मला यात उदात्त असं काही दिसलं होतं. ‘ते रांगेत उभे राहून बुडाले’ असं मी लिहिलं आणि लिहिताना माझे डोळे भरून आले होते. पदक आता ट्रंकेत आहे. त्याची चांदी गेली, आतून जस्त निघालं.

पाऊण तासानंतर रावसाहेब म्हणाले, "छान. मग भांड्यांची सुरुवात कोण करतंय?" सगळे सतरंजीकडे पाहू लागले. प्रत्येकाला आपापल्या घरची चूल आठवत असावी. मला हेडमास्तरची खुर्ची आठवली आणि माझा हात वर गेला. मी तो वर केला असं म्हणायला मी तयार नाही. पण खाली घेतला नाही हे खरं.

घरी सांगितलं, "आठ दिवसांसाठी मागितलाय. प्रदर्शन झालं की परत."

"मोडनार न्हाईत न्हवं?"

"मोडतील कशाला."

हे एवढं वाक्य मी इतक्या सहज बोललो, की त्यानंतर काही दिवस माझाही त्यावर विश्वास बसला होता. समितीचा माणूस हातगाडी घेऊन आला. मनकर्णेनं हंडा चिंचेनं घासून लख्ख केला, पुसला आणि स्वतः गाडीवर ठेवला. नाव वरच्या अंगाला राहील असा ठेवला.

तांबट आळीनं काम नाकारलं. जहाज हे भांडं नव्हे, म्हणाले. शिवाय त्यांच्याकडे लष्कराची कामं होती. तेव्हा काम गेलं झेंडीगेटजवळच्या गनीभाई कल्हईवाल्यांकडे. गनीभाईंनी पन्नास वर्षं अहमदनगरच्या भांड्यांना कल्हई केली, फुटक्यांना डाग दिला, आणि हुरूप आला की स्वतःही घागरी घडवल्या. त्यांच्या घागरींचं गावात नाव होतं. मी नकाशा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि खाली ठेवला.

"तांबट म्हनले, जहाज भांडं न्हाई," ते म्हणाले. "मी म्हनलं, पान्यात गळत न्हाई ते भांडंच. आतलं भाईर जाऊ द्यायचं न्हाई, का भाईरचं आत येऊ द्यायचं न्हाई. काम येकच हाय, मास्तर. तोंड कुनीकडं, एवढाच फरक."

इतकी स्वच्छ व्याख्या माझ्या पुस्तकात नव्हती. मी म्हटलं, "बरोबर आहे."

"हे खरं जहाज पान्यात कसं ऱ्हात हुतं?"

"उत्तम. अकरा वर्षं."

"मग मी पन तसंच करतो."

मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला त्या इंजिनिअरचं पत्र आठवत होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून दुसरं वाक्य आलं असतं, की मास्तर, मग हे जहाज बुडालं व्हय, आणि ते रावसाहेबांच्या कानावर गेलं असतं. मी नोंद घेतली. एवढंच केलं.

पंधरा दिवस झेंडीगेटला ठोकाठोकीचा आवाज होता. भांडी कापली, तापवली, ठोकून पत्रा केला, पत्र्याला पत्रा जोडून झाळला. एका दुपारी मनकर्णा माझ्याआधी तिथं जाऊन आलेली होती. तिनं मला काही विचारलं नाही, ‘मोडतील कशाला’ची आठवण दिली नाही. रात्री वाढता वाढता म्हणाली, "पत्रा झाला तर झाला. गनीभाई म्हनले नावं तशीच ठेवल्यात. आबांच्या नावाचा तुकडा तेवढा मला परत आना." वाटी माझ्या पुढ्यात ठेवून तिनं हात मागं घेतला. तिची मागणी आता वीतभर पत्र्यावर आली होती, आणि त्यामुळेच ती टाळता येण्यासारखी राहिली नाही. मी म्हटलं, आणतो. हे मात्र मी मनापासून म्हटलं. मनापासून म्हटलेल्या गोष्टींचं माझ्याकडून काय होतं हे तिला लग्नापासून ठाऊक आहे, तरी तिनं मान हलवली.

नावांबद्दल गनीभाईंनी मलाही सांगितलं. रावसाहेबांचा आग्रह होता, की पत्रा गुळगुळीत हवा. गनीभाई म्हणाले, "जिवंताचं काढीन. मयताचं नाव मी ठोकून काढत न्हाई. हात धजत न्हाई." ‘कै.’ नसलेल्यांत कुठला अजून जिवंत, कुठला मयत, हे ठिपक्यांवरून कळत नसल्यानं सगळीच राहिली. अशी ती युद्धनौका तयार झाली: दोन्ही अंगांना ‘कै. ... यांचे स्मरणार्थ’, ‘मामाकडून भाचीस’, ‘सोनई येथील लेकीस, कपिलाषष्ठी’. साम्राज्याच्या आरमारात इतकं माहेर दुसऱ्या कुठल्या नौकेवर नसेल. वर पितळी तोफा बसल्या, आत फटाके ठासायला. मग लोक येऊ लागले. ड्रिलमास्तरांनी शाळेची घंटा दिली. नगरपालिकेच्या कुणी सभासदानं कमान दिली. रावसाहेबांनी स्वतःच्या नावाची जाड पितळी पाटी आणि बादशहांची चौकटीतली तसबीर दिली, काचेसकट. काही खालीही लावावं असं कोणाला सुचलं नाही. खालचं पाण्यात जातं, दिसत नाही.

आणि तिची परीक्षा झाली. गनीभाईंनी ती अंगणात दोन दगडांवर ठेवली आणि घागरीची करतात तशीच परीक्षा केली: आत काठोकाठ पाणी भरलं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एक थेंब बाहेर आला नाही. रावसाहेबांनी खालून बोट फिरवून पाहिलं. कोरडं. "वा," ते म्हणाले, "अभेद्य." मी शेजारीच उभा होतो. मला तिचं बूड दिसत होतं. गोल होतं, सुरेख, घागरीच्या बुडासारखं, कारण गनीभाईंना दुसरं कुठलं बूड ठाऊक नव्हतं. मी टाळी वाजवली.

माघात, नौका पाण्यात सोडायच्या दिवशी, हौदावर दीड-दोन हजार माणूस होतं. सुप्याहून, सोनईहून लॉऱ्या भरून आणली होती. हौद भरायला चार दिवस पाण्याच्या गाड्या लागल्या, आणि भिंगारच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन चार दिवस कठड्याबाहेर उभ्या राहून ते पाणी पडताना पाहत होत्या. एकीनं शिपायाला विचारलं, "दादा, येक घागर बुडवू का?" शिपाई म्हणाला, "हे समुद्राचं हाय, मावशी." तालमीतल्या आठ गड्यांनी दोर लावून नौका पाण्यावर धरली होती. ती ताठ उभी होती, ऐटीत. रावसाहेबांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं आणि तेवढा वेळ नौका ज्या स्थिरपणे उभी होती तिची त्यांनी दोनदा उपमा दिली. ती दोरांमुळे उभी आहे हे पैलवानांना कळत असावं. त्यांचे दंड थरथरत होते. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मनकर्णा बायकांच्या बाजूला नव्हती. माझी नजर तिला शोधत होती तेव्हा ती हौदाच्या पायऱ्यांवर दिसली, नौकेला अगदी लागून. ती हवेत बोट धरून वाचत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेली आणि तिथूनही सगळं वाचत आली. त्या दोन हजारांत नौका वाचणारी ती एकटीच. मग गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "आबांचं नाव न्हाई त्यावर."

"आतून असेल."

"आतून येक बी न्हाई. गनीभाईंनी सगळी भाईर घेतल्यात."

"मग बुडाला असेल. खाली."

ती पाण्याकडं बघत राहिली. भाषण संपलं, दोर सोडले, आणि मेमसाहेबांनी नारळ हातात घेऊन नौकेच्या नाकावर आपटला. नारळ फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा नौका जराशी झुलली. तिसऱ्यांदा नारळ फुटला, आणि त्याच क्षणी ठरल्याप्रमाणे डाव्या अंगाच्या फटाक्यांना बत्ती दिली. नौका उजवीकडं कलली. मी खरंच सांगतो, मला भीती नव्हती वाटत. ओळख पटल्यासारखं वाटत होतं. घंटा वाजली. तसबीर निसटली. नौका कलतच राहिली, काठ पाण्याला लागला, आणि बुडबुडबुड असा आवाज आला, आडात घागर भरताना येतो तोच. माझ्या मागं गनीभाई उभे होते. पन्नास वर्षं ज्यानं पाण्यात पडल्या पडल्या आडवी होऊन चटकन भरणाऱ्या घागरी केल्या तो माणूस. तो स्वतःशीच म्हणाला, "कशी झ्याक भरली." आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायला हवा होता.

मेमसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कार्यक्रमातच आहे. टाळ्या ऐकून रावसाहेब एक पळभरच गडबडले, मग पुढं होऊन गंभीर आवाजात म्हणाले, की बंधुभगिनींनो, शत्रूच्या आरमाराची हीच गत होणार आहे. बँडवाल्यांनी लगेच धून घेतली. नौकेवर बादशहांची तसबीर काय करत होती याचा खुलासा कोणी मागितला नाही. हौद कमरेइतका होता, त्यामुळे बुडालेली नौका पुरती बुडालीही नाही. उलटी होऊन तळावर टेकली आणि तिचं गोल बूड उन्हात चमकत पाण्यावर राहिलं. साहेबलोक चहाला गेले. शिपाई त्यांच्यामागं गेला. मग भिंगारच्या बाया पायऱ्या उतरल्या आणि त्या लखलखीत बुडाभोवती उभ्या राहून घागरी भरू लागल्या. त्यांच्यात मनकर्णा कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. बुडावरची नावं वाचत होती. परत आली तेव्हा तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं.

"खाली बी न्हाई," ती म्हणाली.

मी गनीभाईंना गाठलं. ते दगडावर बसून होते. यादी त्रेचाळीस भांड्यांची होती, आणि रावसाहेबांच्या भाषणातही त्रेचाळीसच. गनीभाई म्हणाले, "माझ्याकडं बेचाळीस आली. तुमचा हंडा मी बघितला बी न्हाई, मास्तर. भांडी समदी आधी रावसाहेबांच्या वाड्यावर गोळा हुती." मग म्हणाले, "तुमी सांगितलं असतं, की त्ये बुडालं हुतं, तर मी बूड चपटं केलं असतं." त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. बहुधा कोणी सांगितलं नसेल. माणसाला पन्नास वर्षं भांड्यांत घालवल्यावर एवढं कळत असावं.

तर असा मी अकरा दिवसांनी रावसाहेबांकडे चाललो होतो. दोन कामं होती आणि रस्ताभर मी त्यांचा क्रम ठरवत होतो. आधी हंडा विचारला तर जागा जाईल. आधी जागा विचारली तर हंडा विचारण्याची लाज वाटेल. हा हिशेब इतका नीटनेटका होता, की मला माझाच वीट आला; पण वीट आला म्हणून पाय थांबले नाहीत. वाड्याचा पुढचा दरवाजा पाहुण्यांसाठी, म्हणून मला मागच्या अंगणातून घेतलं. मोलकरीण चांगुणा चुलीपाशी होती. "पाय धुवा मास्तर, धूळ लई हाय," ती म्हणाली, आणि तिनं चुलीवरच्या हंड्यातून तांब्याभर पाणी काढून माझ्या पायांवर घातलं. पाणी सोसवेल इतकं कढत होतं. मी हंड्याकडे पाहिलं. नुकतीच कल्हई केलेली होती. नाव चुलीच्या अंगाला नव्हतं. आपल्याकडे वळवलेलं होतं, वाचायला सोईचं. गहिनीनाथ बाबाजी, मिरजगाव. कुणी ठोकून काढलेलं नव्हतं. लपवलेलंही नव्हतं. चोरी म्हणायलाही काही जागा नव्हती. एवढ्या मोठ्या माणसानं एवढ्याशा गोष्टीचा विचारच केलेला नव्हता. हंडा चांगला दिसला, ठेवून घेतला, आणि बेचाळीस भांड्यांत जहाज होतंय म्हटल्यावर विषय संपला. चांगुणेनं दुसरा तांब्या घातला. मी एक पाय दुसऱ्यावर घासला. पाय स्वच्छ झाले.

रावसाहेब पंचा गुंडाळून ओसरीवर आले. केस ओले होते. त्यांनी कुठल्या पाण्यानं अंघोळ केली ते मला दिसत होतं.

"या मास्तर. काही विशेष?"

मी तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांपुढे का कोण जाणे ते चारशे बारा उभे राहिले, एका अंगाला, पांढऱ्या कपड्यांत, कललेल्या लाकडावर टाचा रोवून. वीस वर्षांत प्रथमच मला ते नीट दिसले. त्यांत उदात्त काही नव्हतं. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता, की हा हलतोय का.

"नाही," मी म्हटलं. "सहज आलो. भेटून जावं म्हटलं."

"बरं केलंत. हेडमास्तरच्या जागेचं मंडळात निघालं होतं. मी म्हटलं, शिस्तीचा माणूस हवा. बडबड्या नको. परवा हौदावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, ते माझ्या ध्यानात आहे."

चहा आला. चांगला होता. मी पुरता प्यालो.

शाळा करून घरी आलो तेव्हा मनकर्णा भाकरी थापत होती. तिनं पाठ न वळवता विचारलं, "इचारलं?"

"विचारलं." मी टोपी खुंटीला अडकवली. "त्या गडबडीत गेला म्हणाले. कुठं गेला, कळत नाही. बुडालाच समज."

भाकरी तव्यावर पडली. तिनं पाणी फिरवलं, वाफ गेली, कड सोडवली, उलटली. तिच्या बोटांना घाई नव्हती.

"दुपारी नळावर चांगुना भेटली," ती म्हणाली. "म्हनत हुती, मास्तर वाड्यावरल्या त्या नाव घातलेल्या हंड्याकडं लई येळ बघत हुते. मला वाटलं पानी कढत झालं, म्हून मी गार घालू का इचारनार हुते. पन ते काई बोल्लेच न्हाईत, गुमान पाय धुतले."

मी उत्तर देण्यात तयार आहे असं मघाशी म्हटलं. खुंटीवरची टोपी पुन्हा नीट केली. भाकरी फुगली, तिनं ती काढून माझ्या ताटात टाकली, दुसरी थापायला घेतली.

"बसा," ती म्हणाली. "गार हुईल."

नेमणुकीचा हुकूम मार्चअखेर आला. नेमणूक हंगामी होती, सहा महिन्यांची.